फेविक्विक आणि धंद्याची गाडी: काय चिकटवायचं, काय नाही?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बाइकचं तुटलेलं साइड पॅनल घरच्या घरी चिकटवून पाहिलं. व्हिडिओत सगळं भराभर होतं, म्हणून इथे नीट लिहून देतोय. वाचताना गाडीची चावी हातात ठेवा. शेवटी एक गृहपाठ आहे.

अंधेरीचा कुरिअरवाला असो, मुलुंडच्या डबेवाल्या ताई असोत की बोरिवलीत घरोघरी खाकरे पोचवणारा मुलगा, आपला धंदा दोन चाकांवर चालतो. त्यात खड्डे, चार महिन्यांचा पाऊस आणि स्टेशनबाहेरचं पार्किंग, जिथे एक गाडी कलंडली की अख्खी रांग आडवी होते. पॅनल तुटणार, आरसा हलणार, इंडिकेटरला तडा जाणार. प्रत्येक वेळी नवा पार्ट घ्यायचा म्हटलं तर नफा गॅरेजमध्येच जाईल. म्हणून घरगुती ग्लू वापरायला माझी अजिबात ना नाही. फक्त तो कुठे वापरायचा, हा निर्णय डोकं शांत ठेवून घ्यायचा.

माझी चूक आधी सांगतो

सुरुवातीच्या काळात मी स्वतः माल पोचवायचो. एकदा गाडी पडली आणि पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला तडा गेला. खिशात पैसे कमी, दुपारपर्यंत तीन डिलिव्हऱ्या. मी एम-सील लावलं, वरून दोरा गुंडाळला. दोन दिवस मस्त चाललं. तिसऱ्या दिवशी जेव्हीएलआरवर, आयआयटीकडून गांधीनगर जंक्शनकडे उतरताना, समोर रिक्षा थांबली. मी ब्रेक दाबला आणि लिव्हर तुटून हातात आला. मागच्या ब्रेकने वेग कमी झाला, तरी रिक्षाच्या मागच्या बंपरला धडकलोच. मला खरचटण्यावर भागलं. माल रस्त्यावर सांडला आणि ते गिऱ्हाईक कायमचं गेलं. एका लिव्हरचे पैसे वाचवायला निघालो होतो!

त्या दिवसापासून ग्लू हातात घेण्याआधी मी तीन प्रश्न विचारतो.

1. हा भाग चालत्या गाडीवर सुटला तर काय होईल? उत्तर ‘गाडी वाईट दिसेल’ किंवा ‘खडखड होईल’ असं असेल तर चिकटवा. उत्तरात ‘पडेन’, ‘थांबणार नाही’ किंवा ‘पेटेल’ यातला एकही शब्द आला तर ग्लू परत ड्रॉवरमध्ये.

2. या भागाला पेट्रोल, उष्णता किंवा सतत ताण लागतो का? लागत असेल तर घरगुती ग्लू टिकत नाही.

3. नवा पार्ट केवढ्याला आहे आणि माझा किती वेळ जाणार? आधी स्पेअर पार्टच्या दुकानात भाव विचारा. कित्येकदा पार्ट आपल्याला वाटतो त्याहून स्वस्त निघतो.

कुठला ग्लू कशासाठी?

फेविक्विक: याचं रसायन सायनोअ‍ॅक्रिलेट. 1942 मध्ये अमेरिकेत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना ते सापडलं. सगळ्याला चिकटतं म्हणून तेव्हा बाजूला टाकलं गेलं आणि 1958 मध्ये तेच ग्लू म्हणून बाजारात आलं. हवेतल्या ओलाव्याने ते घट्ट होतं, म्हणून आपल्या दमट हवेत पटकन धरतं आणि उघडी ट्यूबही पटकन वाळते. मोठ्या बाटलीपेक्षा छोट्या ट्यूब घ्या. त्याचा सांधा कडक पण ठिसूळ असतो. सरळ ओढ सहन करतो, पण धक्का आणि थरथर फार दिवस सहन करत नाही.

एम-सील आणि अराल्डाइट: दोन्ही इपॉक्सी. दोन भाग सारख्या मापाने घ्यायचे. एम-सील एकच रंग येईपर्यंत मळायचं. अराल्डाइट नीट कालवायचं. घाई नको, रात्रभर ठेवा. भोक बुजवायला आणि जाड थर द्यायला हे उत्तम.

पांढरं फेविकॉल: लाकूड आणि कागदासाठी. 1959 पासून सुतारांचा हा भरवशाचा माल, आणि ते बनवणाऱ्या पिडिलाइटचं मुख्य ऑफिस आपल्या अंधेरी पूर्वेलाच आहे. पण साधं फेविकॉल पाण्यावर बनतं. बाइकवर लावलं तर पहिल्याच पावसात मऊ पडेल.

रबराचा पिवळसर ग्लू: चप्पल दुरुस्तीवाले वापरतात तो. सीटचं उसवलेलं रेक्झिन, रबरी पट्टी यांसाठी. दोन्ही बाजूंना लावा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग दाबा.

साइड पॅनल चिकटवायची पद्धत

पॅनल काढा आणि आतून बघा. इंग्रजीत ‘एबीएस’ किंवा ‘पीपी’ अशी बारीक अक्षरं उठवलेली असतात. एबीएस असेल तर ग्लू छान धरतो. पीपी असेल तर मेणासारखं गुळगुळीत असतं आणि ग्लू पापुद्र्यासारखा सुटतो. तिथे तड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडा आणि केबल टायने टाका घाला. दिसायला साधं, पण टिकतं.

एबीएस असेल तर पुढे चला:

1. भांड्यांच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा. ग्लू सुटतो तो बहुतेक वेळा ऑइल आणि धुळीमुळे.
2. आतली बाजू पॉलिश पेपरने खरखरीत करा.
3. तडा जिथे संपतो तिथे तापवलेल्या सुईने बारीक भोक पाडा. तडा तिथेच थांबतो.
4. बाहेरून टेप लावून दोन्ही कडा जुळवा.
5. आतून तड्यावर फेविक्विकची बारीक रेघ, त्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा, वर पुन्हा एक थेंब. सोडा पडताच ते दगडासारखं होतं आणि गरमही होतं, तेव्हा बोट लांब ठेवा.
6. वरून अराल्डाइटचा थर द्या, त्यात बारीक जाळीचा तुकडा बसवा. रात्रभर हात लावू नका.

आता खरी गोष्ट. पॅनल तुटलं कशामुळे? बहुतेक वेळा एखादा स्क्रू पडलेला असतो किंवा रबरी बूच गेलेलं असतं. मग पॅनल दिवसभर थरथरतं. तो स्क्रू आणि बूच बसवलं नाही तर नवा सांधाही तुटणार. धंद्यातही हेच असतं. तक्रार मिटवली पण कारण तसंच ठेवलं, तर तीच तक्रार पुन्हा येते.

इंडिकेटरच्या काचेला फेविक्विक लावू नका, वाफेने भोवती पांढरी धुरकट झाक येते. तिथे पारदर्शक इपॉक्सी वापरा.

इथे ग्लू कधीच नाही

ब्रेक आणि क्लचचे लिव्हर. फूटरेस्ट. हँडल. चाकाचा रिम. पेट्रोलची टाकी आणि पाइप: गळती दिसली तर इंजिन बंद करा, गाडी ढकलत गॅरेजला न्या. टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर गेली तर टायर बदला. आणि हेल्मेट: कवचाला तडा गेला की त्याचं काम संपलं. ग्लूने तडा झाकला जातो, डोकं वाचत नाही.

काम करताना खिडकी उघडी ठेवा, मुलांना लांब ठेवा. फेविक्विक सुती कापडावर सांडू देऊ नका, कापड चटका बसेल इतकं तापू शकतं. बोटं चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवा. डोळ्यात गेलं तर पाण्याने धूत थेट डॉक्टरकडे.

मग चूक होते कुठे?

एम-सीलने ब्रेक टिकत नाही, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. तरी लावलं, कारण खिशात लिव्हरचे पैसे नव्हते. आपण बहुतेक धोकादायक जुगाड असेच करतो. अक्कल असते, पण त्या दिवशी रोकड नसते.

त्यावर उपाय साधा आहे. गाडीसाठी वेगळा डबा ठेवा. रोज 20 रुपये टाका. महिन्याचे 26 कामाचे दिवस धरले तर 520 रुपये, वर्षाचे 6,240. हा पैसा घरखर्चात जाणार नाही आणि गल्ल्यातून उसना घेतला जाणार नाही. वहीत ‘गाडी देखभाल’ असं खातं उघडा. डिलिव्हरीचा दर ठरवताना हेही 20 रुपये धरा, कारण गाडी झिजते ती गिऱ्हाइकाच्याच कामात.

आजचा गृहपाठ

खाली जा, गाडीभोवती एक फेरी मारा. जे जे तुटलंय, हलतंय, आधी चिकटवलंय, ते वहीत लिहा. प्रत्येकापुढे पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहा: ‘सुटलं तर काय होईल?’ जिथे उत्तर लिहिताना हात थबकेल, तो पार्ट उद्या सकाळी पहिल्या डिलिव्हरीच्या आधी बदला. बाकीचं रविवारी निवांत चिकटवू.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गाडी सावकाश चालवा, धंदा जोरात चालवा!