बालकांचा अतिसार आणि जलसंजीवनी

पावसाळ्याच्या आरंभी गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांना पहिले गढूळ पाणी येते, ओढ्याकाठच्या विहिरींत घाण उतरते आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत परभणी जिल्ह्यातील आरोग्य उपकेंद्रांत जुलाब-उलटीने हैराण झालेली बालके येऊ लागतात. याला घरात हगवण म्हणतात, वर्तमानपत्रे 'गॅस्ट्रो' म्हणतात आणि वैद्यकशास्त्र अतिसार म्हणते. दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पाण्यासारखे पातळ शौचास होणे, हे त्याचे लक्षण होय.

हा प्रश्न केवळ आपल्या जिल्ह्याचा किंवा राज्याचा नाही. १९८० च्या सुमारास जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ४६ लाख बालके अतिसाराने दगावत असल्याचा अंदाज होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अलीकडील आकडेवारीनुसार ही संख्या वर्षाला सुमारे ४ लाख ४४ हजारांवर आली आहे. ही घट मोठी आहे. तथापि उरलेल्या मृत्यूंपैकी बहुतेक टाळता येण्याजोगे आहेत, ही गोष्ट अधिक बोचणारी आहे.

अतिसारात मूल दगावते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. दहा किलो वजनाच्या बालकाच्या शरीरातून एक लिटर पाणी गेले की त्याच्या जिवाला धोका उत्पन्न होतो आणि जोराच्या जुलाबात इतके पाणी जाण्यास काही तास पुरतात. असे असता 'पाणी पाजले की जुलाब वाढतात' ही समजूत अजूनही अनेक घरांतून आढळते आणि तहानेने व्याकूळ झालेल्या लेकराच्या तोंडचा पेला काढून घेतला जातो. दात येताना हगवण लागायचीच, या समजुतीने आणखी एक-दोन दिवस वाया जातात.

मीठ, साखर आणि पाणी

अतिसारात आतडे पाणी बाहेर टाकत असते आणि नुसते मीठ किंवा नुसते पाणी दिल्यास ते पुरेसे शोषले जात नाही. परंतु मिठासोबत योग्य प्रमाणात ग्लुकोज असेल तर आतड्याच्या पेशी दोन्ही एकत्र आत ओढून घेतात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही शरीरात येते. पटकीसारख्या भयंकर रोगातही हा मार्ग खुला राहतो. १९६० नंतरच्या काही वर्षांत हे ज्ञान पक्के झाले. साखर मात्र प्रमाणाबाहेर गेली की ती उलट शरीरातील पाणी आतड्यात खेचते. म्हणून बाटलीतील गोड पेये अतिसारात अपाय करतात. २०२५ साली अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओ. आर. एस.' ही अक्षरे वापरण्यास मनाई केली, ती याच कारणाने.

या ज्ञानाची खरी कसोटी १९७१ साली लागली. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते, रुग्ण जमिनीवर पडून होते आणि प्रशिक्षित माणसे अपुरी होती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा यांच्या पुड्या कलकत्त्यात भरून घेतल्या आणि ते मिश्रण पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजण्याचा निर्णय घेतला. अशा छावण्यांत शेकडा तीसपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत शेकडा चारच्याही खाली आले. नातेवाईक डॉक्टर नव्हते, ही यातील सर्वांत महत्त्वाची बाब. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

पुडी वाटली, पुढे काय?

आज जलसंजीवनीची पुडी आशा कार्यकर्तीकडे व उपकेंद्रात विनामूल्य मिळते. तरीही ती पुडी पुष्कळदा फडताळात तशीच राहते, किंवा एका पेल्यात अर्धी कालवून दिली जाते आणि खारटपणामुळे मूल थुंकून टाकते. आपल्या मासिक अहवालात 'वाटप केलेल्या पुड्या' असा रकाना असतो. 'मिश्रण तयार करता येणाऱ्या माता' असा रकाना नसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते सारी मेख येथेच आहे.

बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात एक कोटी वीस लाखांहून अधिक घरी स्त्री-कार्यकर्त्या पाठविल्या. त्या घरातील मातेला चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण तिच्या स्वतःच्या हाताने करावयास लावीत. काही दिवसांनी दुसरे पथक निवडक घरी जाऊन मातेला काय आठवते ते तपासी आणि कार्यकर्तीचा मोबदला त्या उत्तरांवर ठरे. किती घरांना भेट दिली यापेक्षा किती मातांना समजले याला मोल देणारी ही पद्धत आपल्या ग्रामसभांनी व महिला मेळाव्यांनी अभ्यासण्याजोगी आहे.

मातेला शिकवावयाचे ते फार नाही. प्रमाणित पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्णपणे विरघळवावी, उकळू नये, चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धी फुलपात्रभर, आणि मोठ्या मुलास त्याच्या दुप्पट द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. मोठ्या मुलास पेज, वरणभात, ताक चालू ठेवावे. यासोबत जस्ताची गोळी चौदा दिवस द्यावयाची असते : दोन ते सहा महिन्यांच्या बालकास रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले म्हणून चौथ्या दिवशी गोळी बंद करणे, ही सर्वत्र आढळणारी चूक आहे.

मूल सुस्त पडले, पिईनासे झाले, डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश पूर्ववत होऊ लागली, किंवा शौचात रक्त दिसले, तर वाटेत जलसंजीवनी पाजत त्यास तातडीने प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. अशा वेळी सलाईन जीव वाचविते. एरवी 'सलाईन लावल्याशिवाय गुण येत नाही' हा हट्ट खर्चिक आहे. जुलाब एकदम बंद करणारी औषधे बालकांना देऊ नयेत. प्रतिजैविकांची गरजही रक्ती हगवण व पटकी यांसारख्या थोड्याच प्रकारांत असते.

विहीर आणि नळ

उपचार मातेच्या हाती, तर प्रतिबंध बराचसा ग्रामपंचायतीच्या हाती आहे. विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ३.१४ भागिले ४, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर पाणी होते. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर सुमारे ९४ ग्रॅम लागेल. शिक्षकांनी हे गणित वरच्या वर्गांतील मुलांकडून गावच्याच विहिरीवर करून घ्यावे. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत बुडवून हलवावी आणि तासाभराने पाणी भरू द्यावे. त्यानंतर क्लोरीनची चाचणी घ्यावी. अंश न आढळल्यास मात्रा वाढवून पुन्हा घालावी. उघड्या पोत्यातील पावडरीचा क्लोरीन उडून जातो, मग ती कितीही टाकली तरी केवळ चुनाच पडतो. तुरटीने पाणी निवळते, परंतु जंतू मरत नाहीत.

नळयोजना आली म्हणून चिंता मिटत नाही. पाणी बंद असताना गळक्या व्हॉल्व्हमधून आणि गटारातून गेलेल्या नळांतून घाण आत शोषली जाते. दाब कमी म्हणून दारात खड्डा खणून नळ खाली घेण्याची रीत अनेक गावांत आहे. त्या खड्ड्यातले सांडपाणी पाळीपाळीने साऱ्या आळीच्या नळात जाते.

थंडीतील हगवण आणि ऊसतोड

अतिसार फक्त पावसाळ्यातच होतो असे नाही. १९७३ साली शोध लागलेला रोटा विषाणू आपल्याकडे थंडीच्या महिन्यांत अधिक पसरतो. त्यावरील लस राष्ट्रीय लसीकरणात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि महाराष्ट्रात ती २०१९ पासून सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात तोंडावाटे दिली जाते. परंतु हेच महिने ऊसतोडीचे होत. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, जिंतूर या भागांतील कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे मुकादमाबरोबर कारखान्यांकडे जातात. तान्ही मुले फडाच्या कडेला, कोपीत राहतात आणि पिण्याचे पाणी कालव्याचे किंवा मिळेल त्या विहिरीचे असते. तेथे त्यांना ओळखणारी आशा नसते आणि कोयता बंद ठेवून दवाखाना गाठणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडविणे. म्हणून गाड्या निघण्यापूर्वीच, गावातून कोण जाणार याची यादी ग्रामपंचायतीने करून प्रत्येक मातेजवळ जलसंजीवनीच्या पुड्या, जस्ताच्या गोळ्या, लिटरचे माप असलेली एक झाकणाची बाटली आणि मुलाचे लसीकरण कार्ड द्यावे. आणि तिच्याकडून एक लिटर मिश्रण तेथल्या तेथे करवून घ्यावे.