घरास लागलेली वाळवी
शास्त्रभाग : लेवीय १४:३३–५३

लेवीयाच्या चौदाव्या अध्यायाचा उत्तरार्ध आमच्या मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो. घराच्या भिंतीस चट्टा दिसला असता घरधन्याने काय करावे व याजकाने काय करावे, याचा विधी तेथे सांगितला आहे. वाचणाऱ्यास वाटते की, ही फार जुन्या काळची गोष्ट. तिचा आमच्या संसाराशी काय संबंध? परंतु गोरेगावी व सेनगाव तालुक्यातील इतर खेड्यांत जो घरभेटीस फिरतो, त्यास हा भाग चांगलाच ओळखीचा वाटेल. भिंतीच्या बुडापासून तुळईपर्यंत चढत गेलेली पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ आम्ही किती तरी घरांत पाहतो, आणि घरच्या माणसांची नजर तिच्यावर नसते.

तो चट्टा म्हणजे वाळवी नव्हे, हे आधीच सांगितले पाहिजे. त्याचे वर्णन हिरवट अथवा तांबूस, खोलगट डाग असे आहे, आणि पुष्कळ टीकाकार त्यास बुरशी समजतात. वाळवीचे औषध या अध्यायात शोधू नये. घर तपासावे कसे, एवढेच आपण तेथून घेऊ. कारण त्या विधीतील क्रम मोठ्या शहाणपणाचा आहे.

प्रथम घरधन्याने स्वतः जाऊन सांगावयाचे. मग याजक येण्यापूर्वी घर रिकामे करावयाचे, आणि त्याचे कारण दयेचे आहे : घर अशुद्ध ठरले तरी गरिबाची भांडीकुंडी त्यासोबत जाऊ नयेत. त्यानंतर पाहणी, मग सात दिवस घर बंद, मग पुन्हा पाहणी. डाग पसरला असेल तर तेवढेच दगड काढावे, भिंत खरवडावी, नवे दगड व नवा गिलावा घालावा. तोच रोग परत उद्भवला तरच घर पाडावे. आमच्याकडे नेमके उलटे चालते. मातीची रेघ दिसली की केरसुणीने झाडतात, वरून सारवतात, आणि पाहुण्यांस दिसले नाही म्हणजे झाले असे मानतात. पुढे एके दिवशी चौकट हाताने दाबताच आत जाते, तेव्हा शेतातून उरलेले कसले तरी विष आणून ओततात.

वाळवीस पुष्कळ ठिकाणी पांढरी मुंगी म्हणतात, परंतु ती मुंगी नव्हे. तिचे नाते झुरळाशी आहे. जमिनीखाली तिचे राज्य असते. एक राणी, तिचा राजा, लढणाऱ्या वाळव्या, आणि लाकूड पोखरून आणणाऱ्या असंख्य आंधळ्या कामकरी. राणी वर्षानुवर्षे जगते व दिवसाला हजारो अंडी घालते. म्हणून भिंतीवरील शंभर वाळव्या चिरडल्याने वारुळात काहीच उणे पडत नाही. आपल्या शिवारातील वारुळे बांधणाऱ्या जाती आणलेल्या लाकडाच्या चोथ्यावर एक प्रकारची बुरशी वाढवितात व ती खातात. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी ती हीच. वारूळ वाळवी बांधते, नाग नव्हे. नाग तयार घरात राहावयास येतो. घरात वारूळ उठले तर हात लावू नये, अशी भीती आमच्याही काही कुटुंबांत अजून आहे. शेजाऱ्यांच्या श्रद्धेची थट्टा न करता आपण आपले घर राखावे.

वाळवीचे अंग मऊ असते. ऊन व कोरडी हवा तिला सोसत नाही. त्याकरिताच ती मातीच्या नळीतून, झाकल्या वाटेने चालते. ही तिची अडचण आपल्या उपयोगाची आहे. नळी सबंध न झाडता मधला चार बोटे भाग मोडावा, कोळशाने भिंतीवर खूण करावी, आणि सातव्या दिवशी पुन्हा पाहावे. आत जिवंत वाळवी असेल तर बहुधा दोन-चार दिवसांतच ती वाट सांधते. मोडलेली जागा तशीच राहिली तर ती वाट सोडून दिलेली असण्याचा संभव आहे. तरी आसपास दुसरी नळी निघाली काय, ते पाहावे. याच वेळी तुळया, खांब व चौकटी ठोकून पाहाव्या. पोकळ आवाज आला तर दाभण टोचावे. वर रंग शाबूत आणि आत नुसती माती, असे पुष्कळदा निघते. ज्या तुळईखाली लेकरे निजतात, तिच्याविषयी एवढा त्रास घेणे जड वाटू नये.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे येतात, त्यांवरूनही कळते. चारही पंख सारखे व कंबर जाड असेल तर ती वाळवी. पुढचे पंख मोठे व कंबर बारीक असेल तर मुंगी. बाहेरून आलेल्यांची चिंता नको. बहुतेकांस बेडूक, पाली व कोंबड्या संपवितात. परंतु ते भिंतीतून किंवा उंबऱ्याखालून निघाले, तर वारूळ घराखालीच किंवा अगदी लगत आहे.

आता आमच्या भागाचे विशेष. कापूस निघाला की पऱ्हाटी आणि तूर झोडली की तुराट्या आपण सरपणाकरिता घराच्या भिंतीस टेकवून रचतो. वाळवीस याहून उत्तम शिडी कोणती? ढीग भिंतीपासून चार पावले दूर, दगडांवर रचावा. मोरीचे पाणी भिंतीच्या बुडाशी मुरत असेल तर त्यास वाट काढून द्यावी; माळवद गळत असेल तर पावसापूर्वी पांढरी माती घालावी. ओल राहिली तर वाळवीही राहते. आमचे वडील खांब तळखड्यावर उभा करीत. तो दगड शोभेचा नव्हता. वाळवी वर चढू लागली तर त्यावरची नळी उघडी दिसे. आज पुष्कळ घरांत ओट्याची माती चढून तळखडा बुजला आहे. तो मोकळा करावा. नवे लाकूड घेताना सागाचा गाभा पाहून घ्यावा; सालीलगतचा फिकट भाग सागाचा असला तरी वाळवी खाते. आंबा व सावर तर ती लवकरच फस्त करते. सिमेंटच्या घरकुलात राहणाऱ्यांनीही निर्धास्त असू नये. फरशीच्या फटीतून ती चौकटीपर्यंत पोहोचते. घर नव्याने बांधणाऱ्याने जोत्यातील मातीवर फरशीपूर्वीच उपचार करून घ्यावा. भारतीय मानक ब्यूरोच्या ६३१३ क्रमांकाच्या मानकात त्याची रीत दिली आहे.

लाकडाहून मोठी हानी कागदांची होते. पत्र्याची पेटी जमिनीवर, भिंतीस लागून ठेवलेली असते. बुडास गंजून भोक पडते, आणि आत खरेदीखताचा मधला भाग नाहीसा होऊन कडा तेवढ्या उरतात. सातबारा आज संगणकावरून निघतो. नोंदविलेल्या खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मागता येते. परंतु १९४८ पूर्वीचे निजामी अमलातील उर्दू अथवा मोडी कागद एकदा गेले की त्यांची नक्कल मिळविणे फार कठीण. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचेही तेच आहे. असे कागद लोखंडी घडवंचीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, आणि त्यांची छायाचित्रे काढून दुसऱ्या घरी ठेवावी.

विषाविषयी आम्हांस कडक बोलावे लागते. गेल्या शतकात वाळवीवर आल्ड्रिन, क्लोर्डेन ही औषधे सर्रास ओतीत. ती वर्षानुवर्षे मातीत व प्राण्यांच्या चरबीत टिकतात, असे आढळल्यावर २००१ सालच्या स्टॉकहोम करारात त्यांचा समावेश झाला. आज मिळणारी औषधेही निरुपद्रवी नाहीत. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. आणि ते तर मोकळ्या रानात होते. पिकाचे उरलेले औषध कोंडलेल्या खोलीत, कणगीजवळ किंवा विहिरीलगत ओतू नये. परवाना असलेल्या माणसाकडूनच काम करून घ्यावे, आणि धान्य, पाणी, लेकरे व जनावरे आधी बाहेर काढावी; मोशेच्या नियमशास्त्रातही घर प्रथम रिकामे होते. कोणास लाळ सुटली, घाम फुटला, उलटी झाली किंवा डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर औषधाची बाटली सोबत घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. रॉकेलाने समोर दिसतात तेवढ्याच वाळव्या मरतात, आणि घरास आगीचे भय मात्र लागते.

पावसाळ्यापूर्वीच्या एका शनिवारी प्रत्येक मंडळीच्या पंचांनी उपासनामंदिराची चौकट, बाके व नोंदवह्यांचे कपाट याप्रमाणे तपासावे, खुणा कराव्या, आणि पुढच्या शनिवारी त्याच खुणा पुन्हा पाहाव्या. त्यानंतर घरे. ज्या घरी एखादी वृद्ध बहीण एकटी राहते, तेथे पेटी व धान्याची पोती हलविण्यास तरुण संघातील दोघांनी आधी सांगून जावे, आणि सातव्या दिवशी त्याच दोघांनी परत जावे.