आनंदाची काठी

कोल्हापुरात कुठे मोठ्या इमारतीचा पाया खणायचा असला की पोकलेन येते. तिच्याभोवती मुलांची गर्दी जमते. सर्वांचे डोळे लोखंडी बादलीवर खिळलेले असतात. तुम्ही मात्र एकदा चालकाच्या हातांकडे पाहा. त्याच्या दोन्ही हातांशी एकेक आखूड दांडा असतो. डावा दांडा बाजूला कलवला की यंत्राचा वरचा भाग गर्रकन वळतो. उजवा मागे ओढला की ती अवजड भुजा वर उठते. या दांड्याला जॉयस्टिक म्हणतात. दांडा स्वतः ओझे उचलत नाही. तो फक्त हुकूम देतो. ताकद इंजिनाची असते.

जॉय म्हणजे आनंद आणि स्टिक म्हणजे काठी. हे नाव आधी विमानात रूढ झाले. १९१० च्या सुमारास इंग्रज वैमानिक आपल्या पुढ्यातील दांड्याला जॉयस्टिक म्हणू लागले. दांडा पुढे ढकलला की विमानाचे नाक खाली जाई, मागे ओढला की वर येई. पुढे व्हिडिओ गेममुळे हे नाव मुलांच्या तोंडी बसले. पुष्कळांना तर ते खेळणेच वाटते!

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. सोळाव्या वर्षी त्यांचे पाय निकामी झाले. त्यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था स्थापन केली. त्यांच्या आत्मकथनाचे नावच 'चाकाची खुर्ची' असे आहे. साधी चाकाची खुर्ची हातांनी चाके फिरवून चालवतात. पण ज्यांच्या हातांतही जोर नाही, त्यांनी काय करावे? पाणी प्यायला जायचे तरी कुणाला तरी हाक मारायची?

अशांसाठी विजेवर चालणारी खुर्ची असते. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी कॅनडातील जॉर्ज क्लाइन या संशोधकाने अशी खुर्ची तयार केली. तिच्या हातावर बोटाएवढी जॉयस्टिक असते. दांडा कोणत्या बाजूला आणि किती कलला, हे बुडाशी मोजले जाते. थोडा कलवला तर खुर्ची हळू चालते, जास्त कलवला तर वेगाने. डावीकडे कलवला की उजवे चाक जोरात फिरते, डावे मंदावते आणि खुर्ची डावीकडे वळते. सर्वांत मोठी सोय अशी, की बोट काढले की स्प्रिंगमुळे दांडा आपोआप सरळ होतो आणि खुर्ची थांबते. सायकलचा ब्रेक दाबावा लागतो. येथे काहीच दाबावे लागत नाही.

ज्यांची बोटेही हलत नाहीत, त्यांच्यासाठी हाच दांडा हनुवटीपाशी बसवतात. मान जराशी कलली की खुर्ची वळते. शाळेच्या किंवा कचेरीच्या दारात एक पायरी आडवी आली, तर मात्र ही काठी काहीच करू शकत नाही. तेथे उतारच बांधावा लागतो.