टेन्शन, नर्व्हस की पॅनिक?

मुलाच्या नोकरीमुळे सांगलीहून म्हैसूरला, सरस्वतीपुरमला राहायला आलेले एक काका विचारतात, ‘डॉक्टरांना मराठी येत नाही, मला कन्नड येत नाही. जीव घाबरतो हे इंग्रजीत कसं सांगू? टेन्शन म्हणू, नर्व्हस की अँग्झायटी?’

काका, टेन्शन तेवढं म्हणू नका. आपल्याला दूधवाला आला नाही तरी टेन्शन येतं, आणि डॉक्टर हायपरटेन्शन समजून बीपीचा पट्टा गुंडाळतात. रिपोर्ट येईपर्यंत पोटात गोळा येतो तो नर्व्हसपणा. रिपोर्ट नॉर्मल आला की जातो. बहुतेक दिवस कसली ना कसली काळजी, झोप उडालेली, मान-खांदे आवळलेले, आणि हे ६ महिने चाललेलं असेल, तर अँग्झायटी म्हणायला हरकत नाही.

पॅनिक अटॅक निराळा. बसल्याजागी धडधड, दरदरून घाम, हातापायांना मुंग्या, आता मरतो की काय असं वाटणं. बहुधा १० मिनिटांत कळस गाठून ओसरतो. पण पहिल्यांदाच असं झालं आणि वय साठीपुढे किंवा मधुमेह असेल, तर पॅनिक हा शब्द तोंडातून काढूच नका. ‘चेस्ट पेन’, ‘ब्रेथलेस’ एवढंच सांगा, लगेच हॉस्पिटल गाठा आणि ईसीजी होऊ द्या. पेशंटने आजाराला नाव दिलं की आम्ही डॉक्टरही कधीकधी त्याच नावामागे धावतो.

‘रेस्टलेस’ म्हणताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. बसवतच नाही, येरझारा घालाव्याच लागतात, असं ॲसिडिटीच्या काही गोळ्यांतल्या लेव्होसल्पिराइडनेही होतं. मन बिचारं फुकट बदनाम! थायरॉइड वाढलं तरी छाती धडधडते, हात कापतात. आणि दिवसाला फिल्टर कॉफी किती होते, तेही खरं सांगा. म्हैसूरला आल्यावर ती वाढतेच.

शब्द अडला तर अडू द्या. कधीपासून, दिवसातून किती वेळा, किती मिनिटं, हे सुनेकडून इंग्रजीत कागदावर लिहून घ्या. भीतीपोटी कुक्करहळ्ळी तळ्यावरची सकाळची फेरी बंद केली असेल, तर ते आधी लिहा. त्यावरून त्रास किती वाढलाय ते मला चटकन कळतं.

मराठीतच बोलायचं असेल तर १४४१६ वर टेलि-मानसला फोन लावा. सरकारची ही मोफत सेवा २०२२पासून चोवीस तास चालते. भाषा निवडता येते, त्यात मराठीही आहे. तोवर शेजाऱ्यांकडून झोपेची गोळी मागून घेऊ नका.