विटांचा हिशेब : एकत्र येण्याविषयी एक अभ्यासपाठ

शास्त्रपाठ : निर्गम ५:१–२१, अनुवाद २४:१४–१५, याकोब ५:४



निर्गमाचा पाचवा अध्याय आपण बहुतेक वेळा फारोच्या कठीण मनासाठी वाचतो. या वेळी तो विटांसाठी वाचू या. इस्राएली लोक विटा पाडत होते आणि त्यांचा रोजचा आकडा ठरलेला होता. फारोने पेंढा देणे बंद केले, आकडा मात्र तोच ठेवला. तो भरेना, तेव्हा त्यांच्यातल्याच नायकांना मार बसला. ते दाद मागायला गेले तर उत्तर मिळाले, की तुम्ही आळशी आहात.

कर्जत आणि खालापूरच्या कातकरी वाड्यांत काम करताना हा अध्याय मला वारंवार आठवतो. कात पाडणारे म्हणून ज्यांना कातकरी नाव पडले, त्यांचा जंगलातला धंदा केव्हाच गेला. शेती बहुतेकांकडे नाही. म्हणून तेही विटा पाडतात, आणि त्यांनाही लोक आळशी म्हणतात.

भट्टीवरचा हिशेब

पावसाळ्यात घरात दाणा नसतो. गौरी-गणपतीच्या सुमारास वीटभट्टीचा शेठ किंवा त्याचा माणूस वाडीवर येऊन उचल देतो. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली, की कुटुंब भट्टीवर जाते. नवरा-बायकोची एक जोडी धरतात; मुले हाताखाली असतात, ती हिशेबात नसतात. पहाटेपूर्वी चिखल मळायचा, उजाडल्यावर विटा पाडायच्या. मजुरी हजारी असते, म्हणजे हजार विटांना इतके. आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते, उरलेले शेठच्या वहीत राहते.

पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. उचल, खर्ची, औषधपाणी, फुटलेल्या विटा, अवकाळी पावसात भिजलेल्या विटा, सगळे वजा होते. वही शेठची, पेनही शेठचे. पुष्कळदा शेवटी उत्तर येते, ‘तुझ्या अंगावर अजून बाकी आहे.’ ती बाकी फेडायला पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावे लागते. यालाच वेठबिगारी म्हणतात. तिथे साखळदंड दिसत नाही, कारण वहीच त्याचे काम करते.

कायदा आहे, मग अडते कुठे?

आपल्या संविधानाच्या २३व्या कलमाने वेठबिगारीला बंदी आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्दच ठरवले. कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही कायद्याने सावकारावर टाकली, मजुरावर नाही. जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार दिले, दक्षता समित्या नेमायला सांगितल्या. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले, की किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरी होय.

इतके असूनही एकटा मजूर तहसील कचेरीची पायरी चढत नाही. त्या दिवसाची खर्ची बुडते. राहायची झोपडी शेठच्या जागेत असते. पुढच्या पावसाळ्यातली उचलही त्याच्याच हातात असते. कायदा कर्जतच्या कचेरीत असतो आणि मजूर भट्टीवर. मधला रस्ता एकट्याने चालवत नाही. तो रस्ता चालायला सोबत हवी, आणि मजुरांची संघटना म्हणजे मुळात ही सोबत.

संघटना काय करते?

एका वाडीतली गोष्ट सांगते. सातवीची शाळा सोडून आईबापांबरोबर भट्टीवर गेलेली एक मुलगी आपल्या आणि शेजारच्या चार घरांच्या विटा रोज वहीत लिहीत असे. हंगामाच्या शेवटी पाचही जोड्या एकदम हिशेबाला बसल्या. शेठ म्हणाला, “तुझ्या वहीला कोण विचारतंय?” कोणी भांडले नाही, पण कोणी उठलेही नाही. दुपारी हिशेब पुन्हा झाला. दोन घरांची बाकी फिटली आणि तीन घरांच्या हातावर पैसे पडले. नंतर त्यातली एक बाई मला म्हणाली, “ताई, एकटी असते तर बोललेच नसते.”

पाच घरांत जे झाले तेच मोठ्या प्रमाणावर आपल्या महाराष्ट्रात झालेले आहे. आपल्याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ मध्ये खोतांची जमीन कसायचे नाकारले. हा संप १९३९ पर्यंत चालला. त्या काळात, १९३७ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. वसईकडे विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली आणि वेठबिगार आदिवासींची सुटका हेच तिचे पहिले काम ठरले. आणि आपण ज्या रविवारी मंडळीत जमतो, ती रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र आणून केलेल्या मागणीमुळे.

आपल्या मनातली शंका

काही जण विचारतात, मोर्चे आणि संप यांत ख्रिस्ती माणसाने पडावे का? शंका प्रामाणिक आहे. संघटनेचेही दोष असतात. पुढारी मजुरांचा वापर करतात, कधी लढा हरतो. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यांतल्या असंख्य घरांची चूल कायमची विझली. त्यांत कोकणातली घरे थोडी नव्हती.

पण आपल्या पाठाकडे पुन्हा पाहा. मोशेने आधी वडीलजनांना एकत्र केले. मग फारोपुढे जाऊन तीन दिवसांची मोकळीक मागितली. पहिल्या मागणीने हाल वाढलेच, आणि लोक मोशेलाच बोल लावू लागले. तरी देवाने त्याला परत पाठवले. अनुवादात आज्ञा आहे, की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर असतो. याकोब सांगतो, की अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती हाक प्रभूच्या कानी जाते. देव जी हाक ऐकतो, ती मजुराने स्वतः मारली तर आपण कानांवर हात ठेवू नये.

नाताळात आपण वाडीवर ब्लँकेट नेतो. ते न्यावेच. पण ज्याच्या हंगामाच्या मजुरीचा हिशेब चोख झाला, तो ब्लँकेट स्वतः विकत घेतो. म्हणून या वर्षी आपल्या मदतीत वह्या असाव्यात, रोजच्या विटा लिहायला शिकवणारे तरुण असावेत, आणि वाडीतली माणसे तहसील कचेरीत जातील त्या दिवशी त्यांच्या मागे उभे राहणारे आपल्यातले दोघे-तिघे असावेत. पुढे उभे राहायचे ते वाडीतल्याच माणसांनी.

मनन व चर्चेसाठी

१. निर्गम ५:२१ मध्ये लोक मोशेवर का रागावले? मजूर आपल्या मदतनिसावर रागावतात तेव्हा आपण काय करावे?

२. आपल्या घराच्या किंवा चर्चच्या बांधकामाच्या विटा कोणत्या भट्टीवरून आल्या? त्या पाडणाऱ्यांचा हिशेब झाला का?

३. आपल्या घरी कामाला येणाऱ्या माणसाची मजुरी आपण कोणत्या दिवशी देतो?

भट्टीवर गेलेल्या कुटुंबांसाठी आणि त्यांच्या शाळा सुटलेल्या मुलांसाठी प्रार्थना करा.