वडीलधाऱ्यांना फ्लूची लस : मिरगाच्या आधी



या पानावर खोडव्याचे व्यवस्थापन, माती परीक्षण, ठिबक असे विषय आपण नेहमी वाचता. या खेपेचा विषय निराळा आहे, पण तोही वेळ साधण्याचाच आहे. शेअर्सची रक्कम पदरमोड करून भरून ज्यांनी हे कारखाने उभे केले, त्या पिढीतली जी माणसे आज आपल्यात आहेत ती सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या मागची पिढीही साठीला टेकली. या वयात दरवर्षी फ्लूची लस टोचून घ्यावी, असे डॉक्टरमंडळी आता सांगतात. घ्यावी हे सगळेच सांगतात. केव्हा घ्यावी हे मात्र कोणी बैजवार सांगत नाही. आमच्या मते म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत निम्मे काम त्या 'केव्हा'मध्येच आहे.

घरोघर काय चालते ते आपणा सर्वांस ठाऊक आहे. सून म्हणते, "मामा, डॉक्टरांनी सांगितलंय, सुई टोचून घेऊ या." मामा म्हणतात, "घेऊ की. आत्ता खतं आणायचीत, पोरांच्या शाळेचं बघायचंय. दिवाळीला बिल निघालं की घेऊ." मामांचे काही चुकत नाही. आपल्या घरचा सगळा खर्च उसाच्या बिलावर चालतो, आणि लसीला हजार रुपयांच्या पुढेच पैसे पडतात. पण दुखण्याला आपल्या हप्त्यांची तारीख माहीत नसते. दिवाळी येईपर्यंत आपल्याकडचा फ्लूचा मोठा हंगाम येऊन गेलेला असतो.

आधी फ्लू म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. नाक गळणे, शिंका, घसा खवखवणे या साध्या पडशाला आपण सरसकट फ्लू म्हणतो, ते बरोबर नाही. फ्लू हा इन्फ्लुएन्झा नावाच्या विषाणूचा आजार. तो एकाएकी चढतो. सकाळी माणूस गोठ्यात धारा काढतो आणि संध्याकाळी अंथरुणात पडतो. सणसणून ताप, सांधे आणि पाठ ठेचल्यासारखी, कोरडा खोकला. १९१८ साली जून महिन्यात तो मुंबई बंदरातून शिरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याने गावेच्या गावे झोपवली. तीच आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी असलेली मानमोडीची साथ. त्या साथीत जवान माणसे फार गेली. एरवीचा दरसालचा फ्लू मात्र म्हाताऱ्यांना आणि लहानग्यांना गाठतो.

म्हाताऱ्या माणसात तो ओळखूही येत नाही, हे घरच्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. ताप कधी कधी फारसा चढतच नाही. आजी जेवत नाहीत, भलतेच बोलतात, उठताना तोल जातो, एवढेच दिसते. आणि "वय झालं आता" म्हणून आपण सोडून देतो. चार दिवसांनी दम लागतो तेव्हा छातीत न्यूमोनिया झालेला असतो. शिवाय फ्लूचा मार फुफ्फुसावर थांबत नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फ्लूचे निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण एरवीच्या सहापट असल्याचे त्यात आढळले. मधुमेह असेल तर फ्लूच्या तापात रक्तातली साखर हाताबाहेर जाते. साखर पिकवणाऱ्या आपल्या टापूत हा विकार किती घरांत शिरला आहे, ते वेगळे सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. लस टोचली म्हणजे त्याच दिवसापासून संरक्षण मिळाले असे होत नाही. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. मग ती काही महिने चांगली टिकते आणि पुढे महिन्यागणिक ओसरू लागते. तरण्याताठ्या माणसात ती जोमाने चढते आणि बेताने उतरते. म्हाताऱ्या माणसात मुळात चढते कमी आणि उतरतेही लवकर. म्हणून लस घेण्याची वेळ पोराला थोडी चुकली तरी चालते, आजोबांना तेवढी चुकवून चालत नाही. उसाचे गणित आपल्याला माहीत आहे. अपक्व ऊस तोडला तर उतारा लागत नाही, आणि तोडीला फार उशीर झाला, तुरा आला, की ऊस पोकळ पडून वजन घटते. मधला काळ साधावा लागतो. इथेही तसेच आहे. लसीचा भर आणि रोगाचा भर एका वेळी यायला हवा.

मग आपल्याकडे रोगाचा भर केव्हा? थंडीत, असे पुष्कळजण म्हणतात. ते विलायतेचे झाले. पुण्याला १९५२ सालापासून विषाणूंवर संशोधन करणारी संस्था आहे. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तिथल्या आणि इतर ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी देशातल्या निरनिराळ्या शहरांतून रुग्णांचे नमुने तपासून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्रीनगरला फ्लूचा जोर हिवाळ्यात असतो, चेन्नईकडे परतीच्या पावसात ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो, आणि पुण्यासह देशाच्या बऱ्याच भागात तो पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास असतो. अशा भागांत लस पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत द्यावी, असे त्यांनी सुचवले.

याची कारणे आपल्याला डोळ्यांनी दिसतात. जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि नातवंडे वर्गातला खोकला घरी आणतात. झड लागली की माणसे, जनावरे, धूर सगळे एका छपराखाली कोंडते, दारे-खिडक्या बंद राहतात. जुलै-ऑगस्टात आडसाली लागणीची गडबड असते, कर्ती माणसे दिवसभर रानात, आणि घरी पोरांना सांभाळायला आजी-आजोबाच. वारीचेही लक्षात घ्यावे. बहुतेक वर्षी जूनमध्ये, अधिक मास आला तर जुलैत, पालख्या देहू-आळंदीहून निघतात. ओल्या कपड्यांनी दोन-अडीच आठवडे चालायचे, एका तंबूत दाटीवाटीने झोपायचे. वारीला जाणाऱ्या वडीलधाऱ्याने निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी लस घेतलेली असावी.

हे सर्व जमेस धरून आमचे सांगणे असे : साठीच्या पुढच्या माणसांनी मेच्या मध्यापासून रोहिणी नक्षत्र संपेपर्यंत, म्हणजे मिरगाच्या आधी, लस टोचून घ्यावी. एप्रिलातही चालते; पण वय सत्तरीपुढे असेल तर थोडे थांबून मेमध्ये घेतलेली बरी, म्हणजे सप्टेंबरापर्यंत तिचा जोर टिकतो. पाऊस कधी लवकर येतो. २०२५ साली तो मेमध्येच राज्यात पोचला. तरी घाबरण्याचे कारण नाही. पहिल्या सरीबरोबर फ्लू कळसाला जात नाही, तो हळूहळू वाढत जुलैत जोर धरतो.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांचा इथे घोटाळा होतो. मुलगा फोनवर सांगतो, "आबा, सप्टेंबर-ऑक्टोबरात घ्या. जुलै-ऑगस्टात घेऊ नका, आमच्याकडे पासष्टच्या पुढच्यांना तसंच सांगतात." मुलगा खोटे बोलत नाही. त्यांच्याकडे फ्लूचा कळस डिसेंबर ते फेब्रुवारीत येतो. उन्हाळ्यात लस घेतली तर म्हाताऱ्याची शक्ती ऐन थंडीत ओसरलेली असते. हिशेब तोच आहे, पण तो त्यांच्या ऋतूवर मांडलेला आहे. आबा जर दिवाळीनंतर मुलाकडे राहायला जाणार असतील, तर मात्र गोष्ट निराळी. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगून सल्ला घ्यावा.

एखादा जाणता सभासद इथे हटकेल, की २०१५ ची स्वाइन फ्लूची मोठी साथ तर जानेवारी-फेब्रुवारीत होती! खरे आहे. त्या साली देशात ४२ हजारांवर रुग्ण आणि तीन हजारांच्या आसपास मृत्यू नोंदले गेले, आणि जोर वर्षाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच होता. उलट २००९ साली स्वाइन फ्लूने पुण्यात धुमाकूळ घातला तो ऑगस्टात; देशातला त्या साथीचा पहिला मृत्यूही तेव्हा पुण्यातच झाला. आपल्या भागात पावसाळ्यात एक मोठा चढ आणि जानेवारी ते मार्चमध्ये दुसरा, बहुधा लहान, चढ असतो. एखादे साल उलटेही जाते. एकाच लसीने दोन्ही चढ सारख्या ताकदीने भागत नाहीत, हे कबूल केले पाहिजे. एकच वेळ निवडायची तर पावसाळ्याची निवडावी. मेची लस फेब्रुवारीत अगदीच निरुपयोगी होते असे नाही, तिचा जोर कमी झालेला असतो.

ज्यांची मेची वेळ हुकली त्यांनी "आता पुढच्या साली" म्हणून बसू नये. जुलैत, ऑगस्टातही घ्यावी. उरलेला पावसाळा तरी पदरात पडतो. सगळाच पावसाळा हुकला तर दिवाळीच्या सुमारास घ्यावी, हिवाळ्याच्या चढाला ती कामी येते. म्हणजे मामांची दिवाळीची सुई वाया जाते असे नाही. पण ती दुसऱ्या क्रमांकाची वेळ आहे. तशी घेतली तर पुढच्या मेमध्ये काय करायचे, ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

लस दरवर्षी का, याचे उत्तर ऊसवाल्याला पटकन समजेल. एके काळी आपल्या रानात को ७४० सगळीकडे होता. आज तो कुठे आहे? को ८६०३२ आला आणि शिवारे बदलली. आपल्याला वाण बदलायला वर्षे लागतात, फ्लूचा विषाणू दरसाल अंगरखा बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा बैठक घेऊन लसीत कोणते विषाणू घालायचे ते सुचवते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या येत्या हिवाळ्यासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धाच्या येत्या हिवाळ्यासाठी. सप्टेंबरच्या शिफारशीची लस पुढच्या वर्षी उन्हाळ्यात बाजारात येते, आणि आपल्या पावसाळ्याला तीच जवळची. भारत उत्तर गोलार्धात असूनही असे आहे, हे गमतीचे वाटेल. मेमध्ये दुकानात मागच्या थंडीचा उरलेला मालही असू शकतो. म्हणून खोक्यावरचे साल, 'सदर्न' की 'नॉर्दर्न' हा शब्द आणि मुदतीची तारीख डॉक्टरांकडून वाचून घ्यावी. विचारण्यात संकोच कसला? खताच्या पोत्यावरची तारीख आपण बघतोच.

लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. तापली तर बिघडते, आणि गोठली तर तीही गेली. मेच्या उन्हात तालुक्याहून मोटारसायकलच्या डिकीत घालून आणलेली लस टोचण्यात अर्थ नाही. घरच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याशेजारी ठेवून, वीज जाईल-येईल तशी सांभाळलेली लसही नको. जिथे ती नीट ठेवलेली आहे तिथेच जाऊन टोचून घ्यावी. लहान गावातले डॉक्टर ही लस एकट्यादुकट्यासाठी मागवून ठेवत नाहीत. गावातल्या आठ-दहा वडीलधाऱ्यांची नावे मेच्या सुरुवातीस एकत्र देऊन ठेवली तर ते मागवतात, असा उपाय करून पाहावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातही चौकशी करावी.

"सुई घेतली की फ्लू होतोय" असे पारावर ऐकू येते. टोचण्याच्या या लसीत जिवंत विषाणू नसतो, तेव्हा तिने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते, ते लस अंगी लागत असल्याचे चिन्ह. मात्र लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही, असेही कोणी समजू नये. विषाणूशी चांगली जुळलेली लस असेल त्या वर्षी दवाखान्याची पायरी चढायला लावणारा फ्लू ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. वृद्धांत त्याहून कमी फायदा होतो. पण झालाच तर दुखणे जिवावर बेतण्याची शक्यता घटते, आणि म्हाताऱ्या माणसाला तेच हवे असते.

माळकरी मंडळींसाठी एक गोष्ट उघड सांगतो. फ्लूची बहुतेक लस कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून, मग तो मारून व शुद्ध करून बनवतात. ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे. आम्हाला फक्त ते लपवून ठेवायचे नव्हते.

आधीच्या लसीने अंगावर गंभीर रिॲक्शन आली असेल, किंवा लसीनंतर हातापायांतली शक्ती जाण्याचा विकार कधी झाला असेल, तर ते आधी सांगावे. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगावे. त्या दिवशी जोराचा ताप असेल तर उतरेपर्यंत थांबावे. न्यूमोनियाची लस वेगळी असते. तिला ऋतूचे बंधन नाही, आणि दोन्ही एकाच दिवशी दोन दंडांत घेता येतात. लस घेऊनही पावसाळ्यात ताप-खोकला आलाच तर दोन दिवसांच्या आत डॉक्टर गाठावा, कारण फ्लूवरचे औषध सुरुवातीलाच चांगले लागू पडते.

टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसावे. लसीच्या खोक्यावरची चिठ्ठी आणि तारीख घरातल्या कॅलेंडरवर मे महिन्याच्या पानाला लावून ठेवावी, आणि नवीन कॅलेंडर आले की तीच तारीख त्यावर उतरवून घ्यावी.