रस्ता ओलांडण्याचे गणित

आपले शेत डांबरी रस्त्याच्या पलीकडे आहे. भरलेली बैलगाडी पलीकडे न्यायची आहे. तेवढ्यात ट्रक येताना दिसतो. आपण म्हणतो, "लांब आहे अजून, निघू या!" पण लांब म्हणजे किती? डोळा इथे फसतो. चला, आपण गणित करून पाहू.

आधी मापे सारखी करू. रुपये आणि पैसे यांची बेरीज करताना आपण आधी सगळ्याचे पैसे करतो. तसेच हे.

१ किलोमीटर = १००० मीटर
१ तास = ६० मिनिटे
१ मिनिट = ६० सेकंद

ट्रक तासाला ६० किलोमीटर जातो असे धरू. म्हणजे १ मिनिटात १ किलोमीटर, अर्थात १००० मीटर. पाव मिनिटात, म्हणजे १५ सेकंदांत, २५० मीटर.

भरलेली बैलगाडी तासाला ३ किलोमीटर, म्हणजे ३००० मीटर जाते असे धरू. ३००० ला ६० ने भागा. १ मिनिटात ५० मीटर. पाव मिनिटात साडेबारा मीटर.

आता रस्ता ७ मीटर रुंद आहे. बैलांच्या तोंडापासून गाडीच्या मागच्या टोकापर्यंत ५ मीटर धरू. बैल पार झाले म्हणजे गाडी पार झाली असे नव्हे, बरं का! मागचे टोक पार व्हायला ७ + ५ = १२ मीटर जावे लागते. त्याला जवळजवळ पाव मिनिट लागते. तेवढ्यात ट्रक २५० मीटर पुढे आलेला असतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवू. उभी गाडी एकदम वेग घेत नाही. ओझे जितके जड, तितका ती हलवायला जोर जास्त लागतो. धावता ट्रकही एकदम थांबत नाही. ड्रायव्हरला ब्रेक दाबायला १ सेकंद लागला, तरी ट्रक सुमारे १७ मीटर पुढे जातो. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते.

म्हणून २५० मीटर पुरत नाहीत. आम्ही सांगतो, अर्धा किलोमीटर मोकळा हवा. हे अंतर कसे मोजावे? रस्त्याच्या कडेने बैलगाडी १० मिनिटे हाका. ५० × १० = ५०० मीटर. तिथले झाड किंवा खांब खूण म्हणून ठेवा. दुसऱ्या बाजूलाही तशीच खूण करा. ट्रक खुणेच्या आत आला असेल तर थांबा. वळणामुळे खूण दिसत नसेल, तर एकाने पुढे जाऊन पाहावे.

खुणेपाशी असलेला ट्रक अर्ध्या मिनिटात निघून जातो. अर्ध्या मिनिटाने पेरणी चुकत नाही.

सोडवा : एस. टी. तासाला ४८ किलोमीटर जाते. पाव मिनिटात ती किती मीटर जाईल?
(उत्तर : २०० मीटर)